मधली फरशी

१

घड्याळजींच्या घरामागचं अंगण हे अंगण कमी आणि अडगळ जास्त होतं. मोडकी सायकल, फुटक्या कुंड्या, कुणाच्या तरी खाटेचे पाय, आणि 'एक दिवस दुरुस्त करीन' म्हणून ठेवलेला पंखा. घड्याळजींच्या आयुष्यात या 'एक दिवस'ला फार मोठी जागा होती. दुकानात बसून साऱ्या गावाची घड्याळं वेळेवर चालवणारा हा माणूस घरातलं प्रत्येक काम मात्र अर्ध्यावर सोडायचा. न्हाणीघराची एकच भिंत रंगवलेली, फडताळाला एकच दार, आणि फाटकाला तेलपाणी केलेलं तेही एकाच बिजागरीला.

त्यांच्या पत्नी, मास्तरीणबाई, शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना अर्धवट काही सहन होत नसे. अशा बाईला असा नवरा मिळावा, यालाच लोक योग म्हणतात.

मुलगी नोकरीला दूर गेली, घर शांत झालं, आणि संध्याकाळी दोघांनी निवांत चहा प्यायला मागे चांगली फरशी घालावी असं बाईंच्या मनाने घेतलं. गवंडी नको म्हणाल्या. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक नवरा-बायको हसत हसत फरशी बसवत होते, मधेच एकमेकांच्या नाकाला सिमेंट लावत होते, आणि गाणं संपायच्या आत अंगण तयार.

"आपण दोघं मिळून करू. तेवढंच एकत्र काहीतरी होईल," बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांचा आवाज जरा हलला, ते घड्याळजींच्या लक्षात आलं होतं. म्हणून तर ते हो म्हणाले.

पहिल्याच सकाळी भांडण झालं. घड्याळजी म्हणाले, सुरुवात मागच्या भिंतीकडून करायची. बाई म्हणाल्या, स्वयंपाकघराच्या दाराकडून. पाण्याच्या उताराचा प्रश्न होता. उतारावरून गाडी पंख्यावर घसरली, पंख्यावरून फडताळावर, फडताळावरून सासूबाईंवर, आणि मग तिला ब्रेकच राहिला नाही.

"असं करा," बाई शेवटी म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या टोकाने या, मी माझ्या टोकाने येते. मध्यावर भेटू. भेटलो तर."

आणि अबोला सुरू झाला.

२

या घरातल्या अबोल्याला कायदा होता. जो पहिला बोलला तो हरला. चिठ्ठी लिहिणं म्हणजे बोलणंच. पण जगायचं तर काही तरी कळवावंच लागतं, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच रुसव्यात टकटकीची भाषा निघाली होती. एकदा वाजवलं की हो. दोनदा वाजवलं की नाही. आणि तीनदा, बंद दारावर, हळू, म्हणजे 'राग गेला का? येऊ का?' त्यावर आतून एक टक्‌ आली की भांडण मिटलं. कुणी बोललं नाही, कुणी हरलं नाही. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकही कधी पहिला बोलला नव्हता, आणि घड्याळजींना या गोष्टीचा, का कोण जाणे, अभिमान होता.

पण या वेळी अबोला सुरू व्हायच्या आधी बाईंनी एक वाक्य ठेवून दिलं होतं.

"या खेपेला टकटक नको. मला कंटाळा आलाय तिचा. फरशी संपेपर्यंत तोंडाने बोललात तर बोललात. नाहीतर मी ताईकडे चालले. ती एकटीच असते, कधीची बोलावतेय. आणि मी चार दिवसांसाठी म्हणत नाहीये."

त्यांची बॅग पुढच्या दाराशी येऊन बसली. घड्याळजी येता-जाता तिच्याकडे बघत आणि मनात म्हणत, उद्या बोलू. एक दिवस बोलू.

काम मात्र जोरात चाललं. घड्याळजी भिंतीकडे तोंड करून मागे मागे सरकत येत होते, बाई दाराकडे तोंड करून. म्हणजे पाठीला पाठ. फरश्या ओल्या असल्यामुळे मागच्या दाराने ये-जा बंद. घराला वळसा घालून बोळातून पुढच्या दारी जावं लागे. उभ्या जन्मात जोंधळ्याएवढ्या स्क्रूपेक्षा जड काही न उचललेले घड्याळजी फरशी पोटाशी धरून चालत, तेव्हा शेजारच्या मांजरीला सुद्धा त्यांची दया येत असावी. ती कुंपणावरून हलत नसे.

फरशी सिमेंटच्या ओल्या मालावर टेकवायची, पाणसळ ठेवून पातळी बघायची, आणि रबरी हातोडीने ठोकायची. टक्‌ टक्‌. पाठीमागून बाईंची टक्‌ टक्‌. आवाजाच्या बाबतीत घड्याळजींचा कान म्हणजे सोनाराचा तराजू. कुठली ठोक आपली, कुठली बाईंची, हे त्यांना न बघता कळत होतं. त्यांना ते बरंही वाटत होतं. बोलत नव्हते, तरी एकत्र काहीतरी चाललं होतं.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी, उन्हं कलली होती, तेव्हा पाठीमागून तीन टकटक आल्या. हळू. थांबून थांबून.

घड्याळजींचा हात हवेतच राहिला. छातीत काहीतरी सैल झालं. 'टकटक नको' म्हणणारी बाई स्वतःच टकटक करतेय! शेवटी काय, राग नाकावर आणि माया पोटात. त्यांनी मागे वळून सुद्धा पाहिलं नाही, जिंकणाऱ्याने वळून बघायचं नसतं. हातोडी उचलली आणि समोरच्या फरशीवर एकदा, ऐटीत, वाजवली.

टक्‌. हो. ये.

तेवढ्यात पुढचं फाटक करकरलं. बिनतेलाच्या बिजागरीकडून. आणि बोळातून मास्तरीणबाई आल्या. एका हातात सिमेंटची छोटी पिशवी, दुसऱ्यात स्पंज, कपाळावर घाम. हार्डवेअरच्या दुकानातून.

घड्याळजींनी वळून पाहिलं. बाईंच्या टोकाला त्यांची हातोडी एकटीच पडली होती.

३

माणूस घाबरला की आधी शहाणा होतो. घड्याळजींनी कारणांची रांग लावली. फरशी उन्हाने तापते, ताणते, म्हणून वाजते. बरं, खालून पाइप जात असेल. बरं, मांजर. मांजर कुंपणावर होती, पण ती कधी खाली उतरली असेल आणि कधी वर गेली असेल ते तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बाई आंघोळीला गेल्या तसे ते अंगणाच्या मध्यावर आले. दोन्हीकडच्या फरश्यांमध्ये आता फक्त एक मोकळा चौकोन उरला होता. बाईंच्या हिशेबाने तिथे अर्धी फरशी बसायला हवी होती. त्यांनी तसा आकडाही खडूने भिंतीवर लिहिला होता. पण जागा अख्ख्या फरशीची निघाली. बाईंनी कालपासून तो आकडा पुसून पुसून पुन्हा काढला होता आणि प्रत्येक वेळी स्वतःवरच चिडल्या होत्या. त्यांचं गणित चुकलेलं घड्याळजींनी कधी पाहिलं नव्हतं. अंगणच जरा मोठं झालं असावं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो घाईघाईने काढून टाकला.

चौकोनाच्या काठावर ते उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. इकडेतिकडे पाहून त्यांनी कडेच्या फरशीवर दोनदा वाजवलं. म्हणजे नाही. काल हो म्हटलं ते चुकून. येऊ नका.

खालून दोन टकटक आल्या.

"छे," घड्याळजी म्हणाले. "हा प्रतिध्वनी."

त्यांनी एकदा वाजवलं. काहीच आलं नाही. प्रतिध्वनी असा निवडून येत नाही, हे त्यांना कळलं, आणि मानेवरचा घाम एकदम गार लागला.

"कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं. हे बोलणं धरायचं नाही, बायकोशी नव्हतं.

शांतता. बरोबरच होतं, या प्रश्नाला हो-नाही उत्तर नाही. आपण मूर्खासारखं विचारतोय याची त्यांना लाज वाटली, आणि कुणापुढे वाटली हे लक्षात आल्यावर आणखी वाटली.

"पाइप आहे का?"

टक्‌ टक्‌.

"घूस? मुंगूस?"

टक्‌ टक्‌.

घड्याळजी आणखी खाली वाकले. "माणूस?"

बराच वेळ काही नाही. मग एक टक्‌. घड्याळजी श्वास सोडणार, तेवढ्यात आणखी एक.

आता ही एक अधिक एक होती, की दोन? आयुष्यभर सेकंदांवर पोट भरलेला माणूस, पण त्या दोन ठोक्यांमधलं अंतर त्यांना मोजता येईना. हो म्हणून मग विचार बदलला होता, की आधीपासूनच नाही होतं? की विचारणाऱ्यासारखंच खालच्यालाही नक्की ठाऊक नव्हतं?

"अहो" असं कुणी म्हटलं नाही, अबोला होता. पण मागे पैंजणं वाजली तसे ते दचकून उठले. बाई केस पुशीत खिडकीत उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे जरा विचित्र, जवळजवळ लाजल्यासारखं हसत होत्या. घड्याळजींना ते हसू कळलं नाही. सांगावं सगळं, असं ओठांपर्यंत आलं. पण सांगणं म्हणजे बोलणं आणि बोलणं म्हणजे हरणं. आणि हरायचंच, तर निदान 'जमिनीखालून कुणीतरी टकटक करतंय' या वाक्याने तरी हरायला नको. लोक काय म्हणतील ते सोडा, बायको काय म्हणेल?

४

मधली फरशी दोघांनी मिळून बसवली. शेवटची होती, पर्याय नव्हता. एका बाजूने बाई, दुसऱ्या बाजूने घड्याळजी. खाली भरपूर माल घातला. घड्याळजींनी तर गरजेपेक्षा दुप्पट घातला. बाईंनी भुवया उंचावल्या, पण बोलल्या नाहीत. फरशी टेकली, पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर येऊन थांबला. दोघांची बोटं क्षणभर एकाच कडेवर होती. घड्याळजींना वाटलं, आत्ता बोलावं. आत्ता.

"उद्या," त्यांच्या आतला जुना माणूस म्हणाला.

सकाळी फरशी बोटभर वर आलेली होती.

बाईंनी कमरेवर हात ठेवून घड्याळजींकडे पाहिलं. ही तुमचीच करामत, काम लांबवायला, असा त्या बघण्याचा अर्थ होता. घड्याळजींनी दोन्ही कान पकडून नाही-नाही केलं. बाईंनी पदर खोचला, फरशीवर चढल्या आणि शाळेतल्या कवायतीसारख्या दणादणा उड्या मारल्या. फरशी खाली बसली. बाई उतरल्या. विजयी मुद्रेने आत निघाल्या.

फरशी पुन्हा वर आली. धक्का बसून नाही. झोपलेला माणूस श्वास घेताना छाती वर येते तशी, बेताने. आणि थांबली. बाईंची पाठ होती, त्यांनी पाहिलं नाही.

घड्याळजींनी मग अंगणातली सगळ्यात मोठी, मातीने भरलेली कुंडी ओढत आणून तिच्यावर ठेवली. कमरेत उसण भरली ती भरलीच. पण कुंडी ठेवताना त्यांनी दिशा सुद्धा बघून घेतली, झाडाची चांगली बाजू घराकडे. म्हणजे बाईंना वाटावं की शोभेसाठी आहे.

दुपारी आतून बाईंचा फोनवरचा आवाज ऐकू आला.

"हो गं ताई. संपलं आज काम. नाही, काही बोलले नाहीत. ये तू संध्याकाळी गाडी घेऊन." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, या वेळी बोलतील. तसं एकदा वाटलंही. जाऊ दे."

घड्याळजी दाराआड उभे होते. त्यांना भुताबिताची भीती त्या क्षणी अजिबात वाटली नाही. या घरात एकटं राहायची भीती वाटली. एकच दार असलेलं फडताळ, आणि सांगायला कुणी नाही की दुसरं लावा म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी सिमेंटच्या हाताने पुसलं, त्यामुळे आणखी आलं.

५

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसून होते. बाई खराटा घेऊन मागच्या अंगणात गेल्या होत्या. फरशी वाळली होती, मागचं दार आता वापरात आलं होतं. दार नुसतं लोटलेलं. खराट्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग थांबला.

आणि दारावर तीन टकटक झाल्या. हळू. थांबून थांबून.

घड्याळजींचे केस उभे राहिले. मग त्यांनी स्वतःला दटावलं. बाहेर बाई आहे. आत्ता तर गेली. जाता जाता शेवटचं विचारतेय, स्वतःचाच नियम मोडून विचारतेय. आणि तू भुताच्या भीतीने गप्प बसलास तर ती समजेल, नाही म्हणाला. गाडी येईल, बॅग उचलेल आणि जाईल. मग बस आयुष्यभर फरश्यांशी बोलत.

पण एक गोष्ट त्यांच्या कानाला खटकत होती. टकटक खालून आली होती. दाराच्या अगदी खालच्या फळीवरून, जिथे कुणी वाजवत नाही.

वाकून झाडत असेल, ते मनाशी म्हणाले. हात मातीचे असतील, पायाने वाजवलं असेल. कारणांना काय तोटा.

पुन्हा तीन.

टेबलावर वाजवायला बोट उचललं, आणि ठेवलं. एकदा टक्‌ करून त्यांनी काय करून ठेवलं होतं ते ठाऊक होतं. आता टकटक नको. खरंच कंटाळा आला होता त्यांनाही. घड्याळजींनी डोळे मिटले आणि इतक्या वर्षांचा अभिमान खाली ठेवला.

"अगं, तूच आहेस ना?" ते मोठ्याने म्हणाले. "जाऊ नकोस गं. मी चुकलो. पंखा टाकून देतो. फडताळाला दार लावतो. उद्या नाही, आजच लावतो. पण तू जाऊ नकोस."

दारावर एकच टक्‌ झाली. हो.

"हरलात!"

हा आवाज पाठीमागून आला. घड्याळजी गर्रकन वळले. माजघराच्या दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या, हातात केराची रिकामी बादली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता.

"हरलात की नाही! तोंडाने बोललात! मी केर टाकायला बोळातून पुढे गेले होते, म्हटलं बॅग बघावी, आणि ऐकते तर काय! आणि माहीत होतं मला. काल मी न्हाणीघरात होते, तेव्हा अगदी खालून, जमिनीलगत, तीनदा वाजवलंत ना? मला हसूच आलं. टकटक नको म्हटलं होतं, तरी राहवलं नाही. एकदा वाजवलंच शेवटी मी. हो म्हणून."

घड्याळजींनी आधी बाईंकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे. काल बाई आंघोळीला गेल्या तेव्हा ते अंगणाच्या मध्यावर बसून मुंगसाची चौकशी करत होते. न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला होतं.

"असे काय बघताय भूत पाहिल्यासारखे?" बाई म्हणाल्या.

मागच्या दारावर पुन्हा तीन टकटक झाल्या.

"ताईच असणार," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता तिला सांगते, आली तशी चहा पिऊन जा म्हणावं, मी काही येत नाही." आणि घड्याळजी हात पुढे करेपर्यंत त्यांनी सबंध वर्गाला ऐकू जाणाऱ्या आवाजात हाक घातली, "ये गं, ये! आत ये! दार उघडंच आहे, आपलंच घर समज!"

पुढच्या रस्त्यावर गाडी थांबली. ताईंचा लांबलचक हॉर्न वाजला. मागोमाग फाटक करकरलं.

बाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातली बाई निघून गेली. त्यांनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी खिडकीकडे. कुंडी कडेला काढून ठेवली होती. नीट, झाडाची चांगली बाजू घराकडे करून. मधली फरशी भिंतीला टेकवून उभी होती, बाई टेकवून ठेवतात अगदी तशी, खाली गोणपाटाची घडी घालून.

बाईंनी घड्याळजींचा हात घट्ट धरला. मागचं दार हळूहळू आत ढकललं गेलं, ढकलायची सवय नसल्यासारखं, थोडं थोडं. दोघांनी समोर पाहिलं. माणसाचा चेहरा असतो त्या उंचीवर कुणीच नव्हतं.

मग दोघांनी खाली पाहिलं.

"नाही!" दोघं एकदम म्हणाले. तोंडाने, एकाच क्षणी, इतकं एकत्र की कोण पहिलं बोललं ते सांगता आलं नसतं.

उत्तर स्वयंपाकघराच्या फरशीवर आलं. उंबऱ्याच्या अलीकडे. टक्‌ टक्‌.